सहावीतली कैदी

शोळिंगनल्लूर, चेन्नई
रविवार, ८ ऑक्टोबर २००६

सौ. विहीणबाईंना तरुणच्या आईचा नमस्कार.

व्याही माधवरावांचा गुडघा आता कसा आहे? मागच्या खेपेला तुम्ही लिहिलं होतं की ते जिना चढताना देवाचं नाव घेतात आणि उतरताना डॉक्टरचं. आता दोघांनाही जरा विश्रांती मिळाली असेल अशी आशा करते. तुमच्या यशला नोकरीत कायम केलं का, तेही कळवा. इथं आम्ही सगळे खुशाल आहोत. (सुष्मिता रोडावल्यासारखी वाटते असं तुम्ही फोटो पाहून म्हणालात. तो फोटोचा दोष आहे. तुमची लेक चांगली आहे. तुमची आहे म्हणून नव्हे, माझ्या हातचं जेवते म्हणून.)

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर फोनवर तुम्ही बोलायचं आणि मी हं हं म्हणायचं, हा मुलांच्या लग्नापासूनचा आपला रिवाज आहे. तो मोडावा असं मला कधी वाटलं नाही, पण या वेळी मला थोडं बोलायचं आहे. मागच्या महिन्यात तुम्ही म्हणालात की देविकाचे तिकडं हाल होतायत, शाळा बुडते आहे, तेव्हा दिवाळीनंतर तिला सोलापूरलाच ठेवू. यश येऊन घेऊन जाईल, शाळेतही बोलून ठेवलं आहे. त्या दिवशी फोन ठेवून सुष्मिता स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ नुसती उभी राहिली. तरुण म्हणाला, बघू. जे तेव्हा बोलले नाही ते आता सविस्तर लिहिते. चष्मा लावून, चहा घेऊन बसा.

शाळा बुडत होती हे खरंच आहे. जूनमध्ये आम्ही पुण्याहून इथं आलो. तरुणला इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्याची बस पकडायला अंधारातच घर सोडावं लागतं, आणि सुष्मिताचं ऑफिस आमच्या खिडकीतून दिसतं तरी तिथं वेळेवर पोचायला तिला रोज धावावं लागतं. म्हणजे देविकाला शाळेत धाडायचं काम माझं. शाळा अगदी जवळ, सहावी-सातवी-आठवी एवढ्या तीनच इयत्तांची, लहानशी. पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यापासून रोज सकाळी पोरीचं पोट दुखायला लागलं. मी ओवा दिला, सुंठ दिली, बेंबीला हिंग लावला. (घरभर इतका हिंगाचा वास की शेजारीण सांबाराची चौकशी करायला आली.) डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट चहूकडून दाबून पाहिलं आणि इतकं उत्तम पोट आपण पाहिलं नाही असं सांगून पैसे घेतले. शनिवारी दुपारपासून रविवारी रात्रीपर्यंत त्या पोटाला सुट्टी असे. तेवढ्यात ते पुरणपोळीसुद्धा पचवी. सोमवारी पुन्हा दुखायला लागे. मला काय कळत नव्हतं का, विहीणबाई? पण डोळ्यात पाणी आणून पाय पोटाशी घेतलेल्या पोरीला सोंग करतेस असं मला म्हणवेना. आणि काय झालं ते ती सांगेना.

शेवटी एक दिवस शाळेतून बोलावणं आलं. मुख्याध्यापिका बोलावतात म्हटल्यावर मी इस्त्रीचं पातळ नेसले आणि वाटेत इंग्रजीची उजळणी करत गेले. खोलीत शिरले तर केस चापून बांधलेल्या, कपाळावर मोठं कुंकू लावलेल्या बाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "यावें, बसावें. लेकरूं बरें आहे की?" मी बसायचीच विसरले. यांचं नाव राजसबाई. मूळचं घराणं तंजावरचं. तिथं मराठ्यांचं राज्य होतं तेव्हा यांचे पूर्वज तिकडं गेले, ते पुन्हा माघारी आलेच नाहीत, आणि घरात अजून तीच मराठी चालू आहे. मध्येच तमिळ हेल, मध्येच इंग्रजी शब्द, पण बाकी सगळं असं की आता या मला एखादा गाव इनाम देतील की काय असं वाटावं. (माझी मराठी ऐकून त्यांना काय वाटलं ते नंतर त्यांनी सांगितलं. "तुम्ही फार घाईनें बोलतां, शब्द अर्धे गिळतां," म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं, माझ्या विहीणबाईंना भेटा एकदा.)

राजसबाईंची काळजी वेगळीच होती. त्यांच्या शाळेत हजेरी फार पडलेली. कुणाची आई कामाला जाते म्हणून पोर धाकट्या भावंडाला घेऊन घरी, कुणी उगाचच घरी. म्हणून त्यांनी यंदा एक युक्ती काढली होती. ज्या वर्गात सगळी मुलं हजर, त्या वर्गाच्या दाराला त्या दिवशी हिरवं निशाण लागायचं, आणि महिन्यात ज्याची निशाणं जास्त त्या वर्गाला बसनं इथल्याच कोवलमला (केरळातलं नव्हे) नेऊन मासेमारीच्या होड्या किनाऱ्याला लागताना दाखवायच्या. सातवी-आठवीच्या दाराला निशाण फडफडत होतं. सहावीच्या दाराला नुसती काठी. कारण बहुतेक दिवस सहावीत एकच मुलगी गैरहजर असे, आणि ती कोण हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणजे आमच्या पोरीवर आता सगळा वर्ग डूख धरून होता.

मी देविकाशी तह केला. तिनं शाळेत जायचं आणि मी तिच्या वर्गाबाहेर व्हरांड्यात बसायचं, शाळा सुटेपर्यंत. राजसबाईंनी बाक दिला. दुसऱ्या दिवसापासून मी गवारीच्या शेंगा, निवडायचे तांदूळ, लोकरीचं विणकाम (चेन्नईत लोकर कशाला हे विचारू नका, हाताला सवय) असं सगळं घेऊन हजर. मधल्या सुट्टीत पोरं माझ्याभोवती जमून "पाट्टी, पाट्टी" ओरडायला लागली. मला वाटलं यांना लिहायची पाटी हवी आहे, आणि मी मान हलवून नाही नाही म्हणत राहिले. पाट्टी म्हणजे आजी, हे मला राजसबाईंनी सांगितलं तोवर पोरांची अशी समजूत झाली होती की ही म्हातारी स्वतःला आजी मानायला तयार नाही.

आणि तिथं बसल्यामुळंच मला एक दिवस खिडकीतून ऐकू आलं. देविका वर्गात शिरली आणि आतून दोन-तीन आवाज आले, "कैदी, कैदी!" मला तमिळ येत नाही, विहीणबाई, पण कैदी मला कळतं. मांडीवरची परात बाजूला ठेवून मी तशीच राजसबाईंच्या खोलीत गेले आणि विचारलं की माझ्या नातीनं कुणाच्या घरी दरोडा घातला. त्यांनी चौकशी केली आणि उलगडा झाला तो असा. शाळेच्या पहिल्या दिवशी सरांनी हजेरी घेतली. इथली मुलं नाव पुकारलं की "उळ्ळेन अय्या" म्हणतात, म्हणजे आहे, सर. देविकाचं नाव आलं, ती पुण्याच्या सवयीनं उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "हजर." आता हा शब्द इकडंही आहे. त्याला इथले लोक आजर म्हणतात, आणि तो फक्त कोर्टाच्या बातम्यांत येतो. अमुक चोराला कोर्टात आजर केलं, असा. हरिप्रिया नावाची एक चुणचुणीत मुलगी पहिल्या बाकावर बसते, ती म्हणाली, "कैदी आली," आणि सगळा वर्ग हसला. कैदी हा शब्दही यांच्याकडे आपल्यासारखाच. त्या दिवसापासून पोरीचं नाव पडलं.

घरी आल्यावर मी देविकाचे केस विंचरायला घेतले. (समोरासमोर बसलं की ती बोलत नाही, पाठमोरी असली की बोलते. तुमच्या सुष्मिताचंही असंच आहे.) मी म्हटलं, मला कळलंय सगळं. तिनं रिबीन बोटाला गुंडाळली, सोडली. मग म्हणाली, "आजी, मी बरोबरच म्हटलं होतं ना? हजरच म्हणतात ना?"

मी म्हटलं, "हजरच म्हणतात, बाळ."

"मग ते का हसले?"

वेणी मी दोनदा सोडून दोनदा घातली.

राजसबाई त्या मुलांना रागावायला निघाल्या होत्या. मीच त्यांना थांबवलं. म्हटलं, रागावून कुणी कुणाशी गोड बोलायला लागत नाही. पोरांचं मन मी जिंकते. इथपासून पुढचा सगळा दोष माझा. तुम्ही ऑगस्टात पाठवलेले डिंकाचे लाडू डबा भरून शिल्लक होते. (ते शिल्लक का होते हा विषय मी टाळते आहे.) ते मी एका बुधवारी शाळेत नेले आणि मधल्या सुट्टीत सहावीला वाटले. विहीणबाई, तुमचे लाडू पोरांना इतके आवडले की एकेकानं चार-चार, पाच-पाच हाणले. डिंकाचा लाडू एका वेळी एकच खायचा असतो हे सांगायला माझ्याजवळ तमिळ नव्हतं. शिवाय डबा मी गॅलरीत ठेवला होता, आणि समुद्राच्या दमट हवेत खोबरं जरा खवटलं होतं, हे मला त्या दिवशी लक्षात आलं नाही. वर्गात मात्र आनंदीआनंद होता. एका मुलानं माझ्या पायांना हात लावला. मला वाटलं, जिंकलं.

गुरुवारी सकाळी सहावीच्या वर्गात शुकशुकाट. सर हजेरी घेत होते. एक नाव, उत्तर नाही. दुसरं नाव, उत्तर नाही. सर दर वेळी मान वर करून रिकाम्या बाकाकडे बघत आणि पुढे जात. मग देविकाचं नाव आलं, आणि त्या रिकाम्या वर्गात माझ्या नातीनं अगदी शुद्ध, स्वच्छ "उळ्ळेन अय्या" म्हटलं. आधी वर्ग हजर असायचा आणि ती गैरहजर, आज ती हजर होती आणि वर्ग गैरहजर. (तिनं लाडू खाल्ला नव्हता. तिला डिंक आवडत नाही. हे तुम्हाला कधीतरी कळायलाच हवं होतं.) मला वाटलं पोर खूश असेल. पण थोड्या वेळानं ती खिडकीशी आली, गजांना तोंड लावून म्हणाली, "आजी, आज मला हसायला कुणीच नाही आलं," आणि डोळे पुसत जागेवर गेली.

राजसबाईंसमोर मी मान खाली घालून उभी राहिले. लाडू कुणाचे हे मी शेवटपर्यंत सांगितलं नाही, याची नोंद घ्यावी. त्या एक शब्द रागावल्या नाहीत. "लेकरांस भेटून यावें," एवढंच म्हणाल्या. मग त्या संध्याकाळी ओव्याची पुडी घेऊन मी आणि देविका घरोघर निघालो. प्रत्येक दारात मी हात जोडून सगळी हकीकत सांगायची, पश्चात्ताप व्यक्त करायचा, कोमट पाणी द्या म्हणायचं, आणि देविकानं ते तमिळमध्ये सांगायचं. मी एवढं बोलले की तिचं दोन-तीन शब्दांत आटपायचं. मी विचारलं, काय सांगितलंस? म्हणाली, "आजी सॉरी म्हणते." पण नंतर मी ऐकत राहिले आणि माझ्या लक्षात आलं की ही पोर चांगली बोलते आहे. वर्गात गप्प बसून तिनं सगळं कानात साठवलं होतं. आयांशी बोलत होती, आजाऱ्याच्या पोटाला हात लावून कुठं दुखतं विचारत होती. पोटदुखीचा तिचा अभ्यास दांडगा, त्यामुळं तिच्या प्रश्नांना वजन होतं. आणि कुठल्याही आईनं आम्हाला हाकललं नाही. उलट प्रत्येक घरी कॉफी. नको म्हणायचं कसं हे येत नसल्यामुळं मी ती प्रत्येक घरी प्याले आणि त्या रात्री पहाटेपर्यंत मला झोप लागली नाही.

शेवटचं घर हरिप्रियाचं. तिचे वडील आयटी कंपनीची गाडी चालवतात. आई म्हणाली, हिला सकाळपासून बरं नाही, काही खात नाही. पोरगी चटईवर भिंतीकडे तोंड करून निजली होती. मी ओवा काढला. देविका तिच्याजवळ जाऊन बसली, तिच्याकडे नीट पाहिलं आणि मला मराठीत हळूच म्हणाली, "आजी, ओवा ठेव. हिचं माझ्यासारखं दुखतंय."

खरंच तसं होतं. तिनं लाडू घेतलाच नव्हता. कैदी नाव कुणी पाडलं याची चौकशी मुख्याध्यापिकाबाईंनी केली हे तिला कळलं होतं, आणि त्यात मी लाडू घेऊन आलेली पाहून ती आणखीच घाबरली. आता सगळ्यांसमोर आपल्याला उभं करणार, अशी तिची खात्री झाली होती. एवढीशी पोर हो, विहीणबाई. भिंतीचा रंग नखानं खरवडत होती. मी दारात अवघडून उभी, आणि आमची देविका तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. मग त्या पोरीचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे, पण ती हसत होती. वाटेत मी देविकाला विचारलं, काय सांगितलंस तिला?

"मी म्हटलं, उद्या ये. तू नसलीस तर मला कैदी कोण म्हणणार?"

मी रस्त्याच्या कडेला उभी राहून पदरानं चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेळेआधी आमची बेल वाजली. दारात हरिप्रिया, केसांत अबोलीचा गजरा, हातात देविकासाठी आणखी एक. त्या दिवशी देविकाचं पोट दुखलं नाही. नंतरही नाही.

पुढं सहावीच्या दाराला निशाण लागायला लागलं, पण गोष्ट इथं संपत नाही, कारण निशाणाचं वेड फार वाढलं. एक दिवस बाकावरून मला दिसलं की एक मुलगा भिंतीला टेकत टेकत वर्गात चाललाय. कपाळाला हात लावला तर तापानं फणफणलेला. निशाण जाईल म्हणून आला होता. त्याला राजसबाईंच्या खोलीत झोपवून त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवता ठेवता मी त्यांच्याशी चांगली वादावादी केली. म्हटलं, ज्यानं घरी राहायला हवं तो येतो आणि ज्यानं यायला हवं तो का येत नाही हे कुणी विचारत नाही. मग त्या निशाणाचं काय करायचं? त्यांनी माझ्या हातातली पट्टी घेतली, भिजवून पिळली आणि स्वतः त्याच्या कपाळावर ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी निशाणं काढून कपाटात ठेवली आणि नवा नियम केला. जो गैरहजर असेल त्याच्या घरी त्या संध्याकाळी वर्गातली दोन मुलं जाणार, कसा आहेस विचारणार, आणि दिवसभरात काय शिकवलं ते सांगून येणार. हा उपाय फार लागू पडला. (निम्मा प्रेमानं आणि निम्मा आयांमुळं. घर आवरलेलं नसताना पाहुणे नकोत म्हणून त्या पोरांना वेळेवर धाडतात.) धाकट्या भावाला सांभाळायला जी पोर घरी राहायची, ती आता त्याला घेऊनच येते. तो माझ्या बाकावर माझ्याशेजारी बसतो आणि गवार मोडायला मदत करतो, म्हणजे कच्चीच खातो.

कोवलमला मात्र राजसबाईंनी तिन्ही वर्गांना नेलं, मलाही. होड्या आल्या, जाळी ओढली गेली, मासळीचा असा घमघमाट सुटला की मी नाकाला पदर लावून बसले. वाळूत देविका आणि हरिप्रिया एकमेकींचा हात धरून लाटेकडे धावत होत्या आणि लाट आली की किंचाळत मागं येत होत्या. सगळी मुलं तिला अजून कैदीच म्हणतात. ती ओ देते.

तर विहीणबाई, मी परवा तिला विचारलं. तुम्ही किती मायेनं बोलावलं आहे, तिथं सगळे मराठी बोलतात, मामा आहे, आजोबा आहेत, सगळं सांगितलं. तुमची बाजू मी तुमच्याइतकीच चांगली मांडली. ती विचारात पडली. मग म्हणाली, "पण आजी, मी सोलापूरला गेले तर मी गैरहजर. मग दोघांना माझ्या घरी विचारायला यावं लागणार. हरिप्रियाला एवढ्या लांब पाठवेल का तिची आई?" यावर तुम्हाला काही सुचलं तर कळवा. पण तोवर तिच्यासाठी शाळेत धरलेली जागा सोडून द्या. पोर इथं रुजली आहे, आम्ही सगळे उत्तम आहोत, आम्हाला कसलीच अडचण नाही, तुम्ही निर्धास्त असा.

माधवरावांना नमस्कार, यशला आशीर्वाद.

तुमची,
तरुणची आई

ता. क. यंदा दिवाळीला डिंकाचे लाडू पाठवू नका. शेंगांची चटणी पाठवा. ती खवटत नाही आणि पोरांना वाटायचा मोह मला होणार नाही.

ता. क. दुसरा. आम्हाला कसलीच अडचण नाही असं वर लिहिलं आहे, ते देविकापुरतं. दिवाळीनंतर माझ्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं ठरलं आहे, आधी एक, मग दुसरा. हल्ली व्हरांड्यातून मला वर्ग दिसतो, पोरं दिसत नाहीत. तरुणला रजा मिळणार नाही, सुष्मिताला मी मागू देणार नाही. राजसबाई म्हणतात, मी आहें. पण त्यांच्यासमोर मला नीट कण्हता येणार नाही, त्यांच्या मराठीत ते शोभत नाही. तुमच्यासमोर मला संकोच नाही. मी कण्हेन आणि तुम्ही सांगाल की तुमच्या वेळेला याहून जास्त दुखलं होतं, आणि मला बरं वाटेल. तर यशनं इकडं यायची तयारी केलीच असेल तर त्यानं यावं, आणि देविकाला न्यायच्या ऐवजी तुम्हाला पोचवून जावं. माधवरावांच्या गुडघ्याला चालणार असेल तर त्यांनाही आणा. आमची इमारत लिफ्टची आहे.

ता. क. तिसरा. सोलापूरहून गाडी थेट सेंट्रलला येते. मी स्टेशनवर येईन. तुम्ही मला दिसला नाहीत तरी काळजी नको, तुम्ही हमालाशी बोलायला लागलात की मी आवाजाच्या दिशेनं येते.